तीन नंबरचा भोंगा

सकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलाभोवती बसून सगळ्या घराने तक्रारी लिहायला घेतल्या. तक्रारी करण्यात हे घर कधी कुणाला हार गेलेलं नव्हतं. पण त्या दुसऱ्याच्या वतीने करायच्या, आणि वर खऱ्या वाटल्या पाहिजेत, असा प्रसंग पहिलाच होता.

"कामगारासारखं लिहा," थोरला भाऊ म्हणाला. त्याने दाढी केली होती, पण डाव्या गालावर एक पट्टा राहून गेला होता. त्याला ते सांगायची कुणाची छाती झाली नाही.

"कामगारासारखं म्हणजे कसं?" चिमणीने विचारलं. चिमणी ही धाकट्याची मुलगी, बावीस वर्षांची. घरच्याच कोल्ड स्टोरेजच्या प्रतवारी विभागात ती रोज आठ तास फळं निवडायची. "मी कामगारच आहे, मोठे काका. मी माझ्यासारखं लिहू?"

"लिही. पण फार खोलात जाऊ नकोस."

वहिनीने डायरीची मागची पानं फाडून सगळ्यांपुढे ठेवली. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. गेली वीस वर्षं ऑफिसातला सगळा पत्रव्यवहार तिच्या हातून जात होता. नवऱ्याने रात्रभर कूस बदलत काढली हे तिला ठाऊक होतं, कारण तीही जागीच होती. विकासबँकेची बाई दहा वाजता येणार होती. ही बँक कोपऱ्यावरच्या बँकेसारखी नव्हती. काही देशांच्या सरकारांनी मिळून ती काढलेली. इतर बँका जिथे पाऊल टाकायला कचरतात तिथल्या खाजगी धंद्यांना ती बारा-बारा वर्षांच्या मुदतीने भांडवल द्यायची. पण देण्याआधी माणसांची काळजी कशी घेता ते दाखवा म्हणायची. त्यासाठी तिची एकशेबारा कलमांची यादी होती. त्यातलं चौऱ्याहत्तरावं कलम तक्रारपेटीचं.

मागच्या खेपेला बाईंनी पेटी उघडून पाहिली तेव्हा आत नुसती धूळ होती. "दोन वर्षांत एकही तक्रार नाही?" त्या म्हणाल्या होत्या. "सुखी कारखाना मी अजून पाहिलेला नाही. घाबरलेले मात्र पुष्कळ पाहिलेत."

त्या वाक्याने थोरल्याची झोप उडवली होती. मंजुरी येणारच असं धरून त्याने फळं ठेवायचे दोन जुने चेंबर पाडले होते आणि सहा नव्यांचा पाया खणला होता. आसपासच्या पन्नास गावांची निम्मी फळं बाजार गाठण्याआधी कुजतात, ती वाचतील, हे तो प्रत्येकाला सांगत सुटला होता. आणि ते खोटं नव्हतं. पण आता बाईंनी मान डोलावली नाही, तर दाराशी उघडा खड्डा आणि आत तीन म्हातारे चेंबर, एवढंच उरणार होतं. म्हणून पेटी भरायची, असं त्याने ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं वहिनीला वाटलं. पण ती बोलली नाही, आणि पानं फाडून देणारी तीच होती.

"लिही," दादा म्हणाले. दादा म्हणजे थोरल्या-धाकट्याचे वडील, या सगळ्याचा मूळ पुरुष. ब्याऐंशी वर्षांचे, ऐकू कमी येई पण हुकूम सोडायला अडचण नव्हती. "लिही, कामगार हल्ली वेळेवर येत नाहीत."

"दादा, ही मालकाची तक्रार झाली."

"मग मालकाला तक्रारी नसतात काय?"

चिमणी फिदकन हसली. तिने लिहिलं होतं की आत जाताना घालायचे जाड कोट सगळे पुरुषांच्या मापाचे आहेत आणि बायकांच्या बाह्या हातमोज्यांवर लोंबतात. वहिनीने तिचा कागद वाचला आणि मग स्वतःच्याकडे पाहिलं. तिथे तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'मी वीस वर्षं इथे काम करते, पण मीटिंगमध्ये मला कुणी काही विचारत नाही.' ते आपण कधी लिहिलं हे तिला आठवेना. तिने घाईघाईने त्याची चौकोनी घडी घातली.

धाकट्याचा कागद कोरा होता. यंत्रांचं सगळं तोच पाहायचा. थोरल्याने दोनदा हाक मारल्यावर त्याने लिहिलं, 'पाण्याचा नळ गळतो.'

"काकू, तू?" थोरल्याने विचारलं.

काकू टेबलाच्या टोकाला मटार सोलत बसली होती. दादांच्या धाकट्या भावाची ती बायको. काका गेल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं, कारखान्याच्या फाटकापाशी हजेरी घ्यायची ती.

"मी खोटं लिहीत नाही," ती म्हणाली. "खरं चालणार असेल तर सांग."

मटाराचे दाणे पातेल्यात पडत राहिले. दुसरा फेर झाला आणि शेवटी सात कागद जमले. वहिनीने सातही कागदांच्या सारख्या घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

*

धाकटा पुढे निघून गेला होता. यंत्रघरात पाय टाकल्याबरोबर तो मिस्त्रीकडे वळला, कारण तिन्ही कॉम्प्रेसर एकदम चालू होते.

"कुणी सांगितलं तिन्ही लावायला?"

"मोठ्या साहेबांनी," मिस्त्री म्हणाला. "पाहुण्यांसमोर तापमानाचा काटा खाली दिसला पाहिजे म्हणाले. सहापासून चालू आहेत."

एरवी दोन चालायचे आणि तिसरा विश्रांती घ्यायचा. ती व्यवस्था धाकट्याचीच होती, कारण नळ्यांचं वय त्याला ठाऊक होतं. गारवा आणणारा अमोनिया त्या नळ्यांतून फिरतो. तो नळीत आहे तोवर गरीब गाय. बाहेर आला की आधी डोळे जाळतो, मग घसा, आणि बंद खोलीत माणूस सापडला तर त्याला दारापर्यंत पोचू देत नाही. काकांना पोचू दिलं नव्हतं.

काकांच्या मरणानंतरच दादांनी प्रत्येक चेंबरमध्ये गॅस हुंगणारा सेन्सर आणि बाहेर भोंगा बसवला. गेल्या महिन्यात तीन नंबरचा भोंगा तीनदा वाजला. तिन्ही वेळा धाकट्याने नाक लावून नळ्या तपासल्या, काही सापडलं नाही. फळांचे व्यापारी मात्र ट्रक वळवून घेऊन गेले. थोरला म्हणाला, सेन्सर बिघडलाय, नवा मागवू, तोवर याची वायर काढून ठेव. धाकट्याने स्वतःच्या हाताने वायर काढली आणि तिच्या दोन्ही टोकांना काळी पट्टी गुंडाळली. नवा सेन्सर अजून आला नव्हता. भोंग्याचं तपासणीचं बटण वेगळ्या वायरीवर होतं. ते दाबलं की भोंगा झकास वाजायचा. म्हणजे पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसणार होतं. गॅस सुटला तर मात्र काहीच वाजणार नव्हतं.

आणि तीन नंबरच्या भिंतीला लागूनच प्रतवारीची खोली होती. तिथे चिमणी आणि आणखी अठरा बायका बसत.

थोरला तिथेच आला. गालावरचा पट्टा तसाच होता.

"थोरल्या, वायर जोडतो मी."

"आज?" थोरला म्हणाला. "आज मध्येच भोंगा बोंबलला तर? बाई फाटकात असताना?"

"आणि गॅस सुटला तर?"

"तीनदा पाहिलंस ना तू? तूच म्हणालास, काही नाही."

"मला सापडलं नाही, असं म्हणालो होतो."

"एकच झालं."

"एकच नाही रे." धाकटा खाली पाहत म्हणाला. "तिन्ही कॉम्प्रेसर लावलेस तू. दाब वाढलाय. निदान एक बंद कर."

थोरल्याने त्याच्या दंडाला धरलं. बोटं गार होती. "दोन तास. फक्त दोन तास तोंड मिटून राहा. बाई गेल्या की जोड वायर, बंद कर कॉम्प्रेसर, काय हवं ते कर. बाहेर तो खड्डा बघितलास? मी रोज रात्री त्याच्यात पडतो. मला भीती वाटते, धाकट्या. तुला सांगतोय फक्त."

थोरला घाबरलेला त्याने कधी पाहिला नव्हता. लहानपणी विहिरीत उडी मारताना आधी थोरलाच मारायचा. त्यामुळे धाकट्याने वायर तशीच राहू दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत तो प्रतवारीच्या खोलीत डोकावून आला. चिमणी लोंबत्या बाह्या वर सारून फळं निवडत होती. त्याने हवा हुंगली. थोडा वास होता. पण थोडा वास तर नेहमीच असतो.

"बाबा, काय झालं?" चिमणीने विचारलं.

"काही नाही. आज तू घरी जातेस का?"

"आज? आज तर बाई येणारेत. माझी कोटाची तक्रार वाचतील की!" तिने डोळे मिचकावले.

*

बाई दहाला पाच मिनिटं कमी असतानाच आल्या. काकूने फाटकावर त्यांची नोंद केली. साधा सुती कुडता, पायात जाड तळव्याचे बूट, हातात वही. त्यांनी काकूला नमस्कार केला आणि विचारलं, "आज आत किती माणसं?"

"घरची धरून त्रेचाळीस," काकूने रजिस्टर न उघडता सांगितलं. "प्रतवारीत एकोणीस."

"तुम्ही पण वर या ना. जुन्या माणसांशी बोलायला मला आवडतं."

त्यामुळे काकू ऑफिसात आली. एरवी तिला तिथे कुणी बोलावत नसे. वरच्या ऑफिसच्या काचेतून खाली यंत्रघर दिसायचं. टेबलाच्या एका बाजूला दादा, थोरला, वहिनी. दुसऱ्या बाजूला बाई. धाकटा दाराशी उभा होता आणि वारंवार काचेतून खाली पाहत होता. काकू भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. या पोरांना काहीतरी झालंय हे तिला दिसत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसे दोघेही उजेडात डोळे लपवत होते.

टेबलावर हिरवी पेटी होती. काकू तिला तांबडी असल्यापासून ओळखत होती. कारखाना नवा असताना दादांनी हौसेने ती सुताराकडून करून घेतली होती. इथे कुणी कुणाचा भाऊ नाही, जे सांगायचं ते लिहून पेटीत टाकायचं, मी दर शनिवारी उघडीन, असा त्यांचा नियम. काका गेले आणि पेटी खाली उतरली. मग एकोणतीस वर्षं गोदामात तिच्यात वॉशर आणि खिळे राहिले. गोदामवाल्याने तळाला पत्रा ठोकला, खिळे फटीतून गळू नयेत म्हणून. विकासबँकेची यादी आली तेव्हा थोरला म्हणाला, नवी कशाला, हिलाच रंग द्या. या घरात काही टाकून देत नाहीत.

बाईंनी पेटी उघडली. सात घड्या निघाल्या.

बाईंनी एकेक वाचली. कोटाची वाचून त्यांनी वहीत काही लिहिलं. नळाची बाजूला ठेवली. वहिनीची वाचताना त्या थांबल्या, आणि त्यांनी समोर बसलेल्या वहिनीकडे एकदा पाहिलं. वहिनीचे कान लाल झाले.

"सातही एकाच डायरीतल्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "घड्याही एका हाताच्या."

"ऑफिसातून कागद देतो आम्ही," थोरला म्हणाला. "सोय म्हणून."

"घड्या पण घालून देता?"

काचेपलीकडून कॉम्प्रेसरची घरघर येत होती. दादांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणतात?" थोरल्याचे दोन्ही हात टेबलाखाली गेले. काकूला त्याची कीव आली. आईविना वाढलेली पोरं ही. दोघांच्याही सर्दीखोकल्यात तीच उशाशी बसली होती.

"आणखी काही आहे का आत?" असं म्हणत बाईंनी पेटी उपडी केली आणि तळावर दोन थापा मारल्या. गंजलेला पत्रा एका बाजूने सुटून टेबलावर पडला. पाठोपाठ दोन वॉशर पडले, आणि एक कागद. तो पिवळा पडला होता आणि लाकडाच्या फटीत दाबला जाऊन पट्टीसारखा झाला होता. बाईंनी तो जपून उलगडला.

"हा डायरीतला नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मोठ्याने वाचलं.

"'तीन नंबरचा व्हॉल्व्ह पाझरतो आहे. तोंडी सांगितलं तर लिहून टाक म्हणालात, म्हणून लिहून टाकतो आहे. लवकर बघावे. आपला नम्र कामगार, आणि भाऊही.' खाली तारीख आहे. एकतीस वर्षांपूर्वीची."

काकू उठली. आपण कशा उठलो, टेबलापर्यंत कशा गेलो, हे तिला कळलं नाही. अक्षर पाहायची गरज नव्हती. 'आणि भाऊही' असं लिहिणारा या जगात एकच माणूस होता. मरणाच्या बातमीतही त्याने विनोद केला असता. तारखेपासून चौथ्या दिवशी त्याला तीन नंबरमधून बाहेर काढलं होतं.

दरवर्षी नवे कामगार आले की दादा त्यांना अंगणात उभं करून सांगायचे, माझ्या सख्ख्या भावाने व्हॉल्व्ह पाझरतोय हे कुणाला सांगितलं नाही, हलगर्जीपणा केला, म्हणून गेला. तुम्ही तसं करू नका. हजेरीच्या खिडकीत बसून काकूने ते एकतीस वेळा ऐकलं होतं. ऐकून ऐकून तिचा त्यावर विश्वास बसला होता. नवऱ्यावर ती मनातल्या मनात रागावायची. सांगायला काय जात होतं तुमचं, असं त्याच्या फोटोला म्हणायची.

"काय लिहिलंय?" दादांनी विचारलं. "मला कुणी सांगेल का, काय लिहिलंय?"

काकूने कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. दादांनी चष्मा सारखा केला. वाचायला एवढा वेळ लागण्याइतका तो मजकूर मोठा नव्हता.

*

धाकट्याला आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा ऐकू आला.

"तीन नंबरचा भोंगा बंद आहे."

"धाकट्या!" थोरला म्हणाला.

"बटणाने वाजतो, म्हणून तुम्हाला कळलं नसतं," तो बाईंकडे पाहत म्हणाला. "सेन्सरची वायर मी काढलीय. महिना झाला. तीनदा वाजला होता, मला काही सापडलं नाही, म्हणून काढली. आणि हे सात कागद आम्हीच लिहिलेत."

"ते मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "वायर आत्ता जोडता येईल?"

धाकटा धावलाच. लोखंडी जिना, यंत्रघर, भोंग्याच्या वायरींवरची पाठीमागची फळी. मागे थोरल्याची पावलं होती. तो अडवायला येतोय की काय, असं धाकट्याला वाटलं. फळी उघडली तेव्हा थोरला शेजारी उभा होता, आणि त्याने बॅटरीचा उजेड धरला. काळी पट्टी सोडवताना धाकट्याची बोटं दोनदा घसरली.

"हळू," थोरला म्हणाला. "मी आहे."

दोन टोकं एकमेकांना लागली. बटणाला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

भोंगा वाजला.

मग धाकट्याने तिन्ही कॉम्प्रेसरची लाल बटणं खाडकन दाबली आणि मिस्त्री मुख्य व्हॉल्व्हच्या चाकाला लोंबकळला. थोरला प्रतवारीच्या खोलीकडे पळत सुटला होता. आयुष्यात कधी कुणी त्याला पळताना पाहिलं नव्हतं. "बाहेर! सगळं टाकून बाहेर!" भिंतीच्या खालच्या फटीतून वास येत होता. आता तो नेहमीचा नव्हता. तो नाकात सुईसारखा घुसत होता. बायका तोंडाला पदर, ओढण्या लावून दारातून लोटल्या. फळांची पेटी उलटली आणि फळं पायांत आली.

*

फाटकाबाहेर काकू रजिस्टर उघडून उभी होती. हजेरी तिने क्रमानेच घेतली. वहिनी तिच्या बाजूला उभी राहून आलेल्यांना वाऱ्याच्या उलट दिशेला पाठवत होती, आणि आज तिला कुणी मध्ये अडवत नव्हतं. बाई प्रत्येकाला डोळे पाण्याने धुवायला लावत होत्या. दादांना खुर्चीवर बसवलं होतं.

"बेचाळीस," काकू म्हणाली.

धाकट्याने आजूबाजूला पाहिलं. "चिमणी?"

"अठराजणी आल्यात प्रतवारीतल्या," काकू म्हणाली. "थोरला पण आलाय. ती नाही."

तो आत जायला वळला, तेवढ्यात थोरल्याने त्याला कमरेला मागून मिठी मारून धरलं. "नाही! तू नाही जायचं. तोंडाला काही नाही तुझ्या."

"सोड मला!"

"काका असाच गेला होता आत! कुणाला तरी काढायला!" थोरला ओरडला. हे त्याला कधी कुणी सांगितलं होतं, की त्याने त्याच क्षणी ओळखलं होतं, कोण जाणे.

भोंगा वाजतच होता. मग दारात काहीतरी हललं. चिमणी बाहेर आली. तिचे डोळे घट्ट मिटलेले, लोंबणाऱ्या कोटाची बाही तिने नाकातोंडावर गच्च दाबलेली, आणि दुसऱ्या हाताने ती भिंत चाचपत होती. दोघे भाऊ एकदमच पळाले. तिला उचलून आणलं तेव्हा ती खोकतच सांगत होती, "मागचं दार लावलं मी. वास मागच्या यार्डात जाऊ नये म्हणून. तुम्हीच शिकवलंय ना, बाबा."

"त्रेचाळीस," काकू म्हणाली, आणि तिने रजिस्टर मिटलं.

धाकटा मुलीला छातीशी धरून फाटकातच खाली बसला. थोरला बाईंसमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. "लिहा," तो म्हणाला. "सगळं लिहा. मीच काढायला लावली होती वायर. त्याचा दोष नाही."

"लिहिणारच आहे," बाई म्हणाल्या. "आत्ता, इथेच. भोंगा तुम्हीच वाजवलात, हेही लिहीन. बँक काय ठरवेल ते मी सांगू शकत नाही." मग त्यांनी त्याच्या गालाकडे पाहिलं. "आधी तोंड धुऊन या."

काही वेळाने भोंगा थांबला. नव्या पायाच्या खड्ड्याच्या कडेने कामगार उन्हात बसले होते. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. काकू दादांच्या खुर्चीजवळ गेली. तो पिवळा कागद अजून त्यांच्या हातात होता.

"तो मला म्हणाला होता," दादा हळूच म्हणाले. इतकी वर्षं हुकूम सोडणारा तो आवाज आता पार बसला होता. "जिन्यावर भेटला. मी घाईत होतो. लिहून टाक म्हटलं. शनिवारी पेटी उघडली, गं. खरंच उघडली. रिकामी दिसली. वाटलं, केला असेल त्यानेच दुरुस्त."

"आणि नंतर?"

"नंतर तो गेला. मग मला बोलता येईना. मग बोललो ते दुसरंच."

एकतीस वर्षं त्या फोटोवर काढलेला राग आता ठेवायचा कुठे, हे तिला समजत नव्हतं. तिने दादांच्या हातातून कागद काढून घेतला, रजिस्टरमध्ये नीट ठेवला.

"उघडली असेल," ती म्हणाली. "आत हात घालून बघायचं होतं, दादा."